छताचं कापड

"कैची आहे काय?"

भागीरथाने मशीनवरचा पाय थांबवून वर पाहिलं. दारात एक उंच पोरगा उभा होता. डोक्याला रुमाल, भुवयांपर्यंत सिमेंटची पांढरी धूळ, आणि त्या धुळीतून हसणारे दोन डोळे. मागे चामोर्शी रोडवर भाद्रपदाचा पाऊस रिपरिपत होता.

"शिवणाचं दुकान आहे हे. कैची नसन त काय कुऱ्हाड असन?"

"मंग द्या ना. मोठी द्या. कापडच कापाचं आहे."

दुकानाची मालकीण खैरुनचाची जेवायला मागच्या खोलीत गेली होती. ती असती तर कैची मिळाली नसती. पण भागीरथाने दिली. का दिली, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही.

तासाभराने कैची परत आली. भागीरथाने ती अस्तराच्या कापडावर चालवली, तर कापड कापलं जाईना, नुसतं चावलं जायला लागलं. रागाच्या भरात ती कैची तशीच हातात घेऊन शेजारच्या गाळ्यात शिरली.

"ओ भाऊ! कोणतं कापड कापलं तुमी? पत्रा कापला काय?"

मचाणावर पाठीवर झोपून छत घासणारा तो खाली उतरला. कोपऱ्यातल्या गुंडाळीवरचा प्लास्टिकचा कागद त्याने बाजूला केला. काळंभोर, रेशमासारखं चमकणारं कापड होतं ते.

"याले कार्बनचं कापड म्हणतात. पत्र्याच्या वर आहे."

भागीरथाचा राग तिथेच अर्धा झाला. असं कापड तिने जन्मात पाहिलं नव्हतं. सगळे धागे एकाच दिशेने, उभेच्या उभे. आडवा धागा म्हणायला नाही. आणि त्याने कापलेल्या पट्ट्या? टोकाशी सगळ्यांच्या झिपऱ्या झालेल्या.

"असं कापतात काय बाप्पा! आधी कागदाची चिकटपट्टी लावा आडवी, मंग त्या पट्टीच्या मधून कापा. आमी शिफॉन असंच कापतो. धागा सुटत नाई."

तिने करून दाखवलं. पट्टीचं टोक सुरीने कापल्यासारखं सरळ आलं. तो ते टोक बोटाने चाचपत राहिला, आणि मग टोक सोडून तिच्याकडेच पाहायला लागला.

"तुमचं नाव काय म्हणाल्या?"

"म्हणालेच नाई," भागीरथा म्हणाली, आणि बोथट कैची त्याच्या हातात देऊन निघून आली.

त्याचं नाव आदेश. गाव चंद्रपूरकडचं मूल. बाप गवंडी होता. नागपूरच्या एका कंपनीत सहा महिने हे काम शिकून तो पहिल्यांदाच एकट्याने काम सांभाळायला गडचिरोलीला आला होता. इमारत वामनरावांची. खाली पाच गाळे, वर रिकामा मजला. तो मजला एका सरकारी कचेरीला रेकॉर्ड ठेवायला हवा होता. तीस वर्षांच्या फायली, लोखंडी रॅकसकट. जुना स्लॅब एवढं वजन पेलणार नव्हता. खाली खांब उभे करावेत तर गाळेवाले भांडायला उठले. म्हणून हे कापड. दोन डब्यांतला चिकट माल मापाने मिसळून ते छताला खालून चिकटवायचं, वाळलं की झालं.

"कापडानं स्लॅब मजबूत होते?" खैरुनचाचीने नाकावरचा चष्मा वर करत विचारलं होतं. "या अल्ला, मंग मी चाळीस वर्षं लोकायले ब्लाउजच काऊन शिवत बसली?"

पण आदेश गोडबोल्या. नवी कोरी कैची आणून त्याने चाचीच्या पुढ्यात ठेवली, आणि रोज सकाळी दोन तास भागीरथाला पट्ट्या कापायला मागून घेतलं.

ते दोन तास... भागीरथा बावीस वर्षांची होती. गाव सोडून चाचीकडे राहायला, शिकायला आली त्याला तीन वर्षं झाली होती. पण सकाळ इतक्या लवकर संपते, हे तिला आत्ताच कळत होतं. तो गुंडाळी धरायचा, ती टेप लावायची. तो माप सांगायचा, ती खडूने खूण करायची.

"हे वर नाई, खालूनच काऊन लावतात?" तिने एकदा विचारलं.

"वरून वजन पडलं का स्लॅब खालून ताणते. काँक्रीट दाबाले भारी असते, ताणाले कच्ची. मंग जिथी ताण, तिथी कापड." तो थांबला. "माणसाचंबी तसंच. कुठी कच्चा आहे, ते खालून पाह्यल्याशिवाय समजत नाई."

"तुमी कुठी कच्चे?"

"मी? ...सकाळी नऊ ते अकरा."

भागीरथाने मान खाली घातली. पट्टी बोटभर जास्त कापली गेली.

कापडाची काळी कुसळं हातात शिरून खाजतात म्हणून त्याने तिला हातमोजे दिले. ते तिच्या बोटांना मोठे होत. रोज काम सुरू करताना तो मनगटाशी त्यांना चिकटपट्टीचा वेढा द्यायचा. हळू... जरा जास्तच हळू. "आदेशभाऊ" म्हणायचं तिने कधी सोडलं, ते तिलाही कळलं नाही.

आणि मग गुरुवार आला. गुरुवारी अंजुम मॅडम आल्या.

अंजुम मॅडम कंपनीच्या इंजिनिअर. तिशीच्या आतबाहेर, पायात बूट, अंगात पुरुषासारखा शर्ट, चष्मा केसांवर चढवलेला. एसटीतून उतरल्या त्या सरळ मचाणावर. आदेशच्या शेजारी पाठीवर झोपल्या आणि एका नाण्याने छत ठोकायला लागल्या. ठक्, ठक्, ठक्. जिथे कापड नीट चिकटलं नसेल तिथे आवाज पोकळ येतो म्हणे. दोघंही कान लावून ऐकत होती. मध्येच मॅडम काहीतरी म्हणायच्या, मध्येच तो हसायचा.

भागीरथा आपल्या गाळ्यात मशीन चालवत होती. पण तिचे कान भिंतीपलीकडे होते. त्या दिवशी तिने वामनरावांच्या सुनेच्या ब्लाउजला डावी बाही उजवीकडे लावली.

"पट्ट्या तू कापतेस?" जाताना मॅडम दारात थांबल्या. "फार सुंदर. नागपूरलाही इतक्या सरळ कोणी कापत नाही."

"हाव," भागीरथा म्हणाली. इतकं चांगलं बोलणाऱ्या बाईचा राग तरी कसा करायचा? तरी तो आलाच.

खैरुनचाचीच्या दुकानात एसटीडी फोनही होता. मॅडमचा फोन रोज चार वाजता यायचा. भागीरथाने उचलायचा, "थांबा" म्हणायचं, आणि आदेशला हाक मारायची. तो हात पुसत धावत यायचा. धावत! तिच्यासाठी तो कधी धावत आला होता? मग पाच मिनिटं "हो मॅडम... नाही मॅडम... तुमी म्हणान तसं मॅडम." पलीकडचं तिला ऐकू यायचं नाही. तिला फक्त त्याचं हसू दिसायचं.

"मॅडम लई हुशार आहे," तो एकदा फोन ठेवून म्हणाला.

"असन."

"आपल्यासारख्याले सामोर नेतात."

"कुठी नेतात?"

तो नुसता हसला. त्या हसण्याने भागीरथाचा दिवसभर जीव जाळला.

सगळ्यात शेवटी खैरुनचाचीचा गाळा आला. मशीन, कपाट, फोन सगळं ओसरीवर काढलं. छत घासून, धूळ झाडून तयार झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी कापड लावायचं ठरलं. त्या दुपारी पाऊस नुकताच थांबला होता. आदेश सामान उतरवून घ्यायला एसटी स्टँडवर गेला होता. चार वाजले आणि फोन वाजला.

"आदेश आहे?"

"नाई. स्टँडवर गेले."

"मग नीट ऐक आणि त्याला नक्की सांग. आज नवे डबे पाठवलेत. लेबल जुनंच आहे, पण आतला माल वेगळा आहे. मिसळताना दोनाला एक नाही, चाराला एक घ्यायचं. चाराला एक. लक्षात राहील?"

"चाराला एक."

"शाब्बास. आणि त्याला म्हणावं, रविवारी मी मूलला येतेय. त्याच्या आईने जेवायला बोलावलंय ना, तर नक्की येते."

फोन ठेवला गेला. भागीरथाच्या कानात मात्र शेवटचं वाक्य तसंच वाजत राहिलं. त्याच्या आईने... जेवायला... तिला त्याने आईचं नावसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आणि ही बाई थेट पाटावर बसणार!

खैरुनचाचीचा एक नियम होता. दुकानात आलेला निरोप म्हणजे अमानत. कुणाचा पोरगा दवाखान्यात असतो, कुणाच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार असतात. आसपासच्या गावांतले लोक या एका फोनच्या भरवशावर राहतात. तीन वर्षांत भागीरथाने एकही निरोप चुकवला नव्हता.

आदेश डबे घेऊन आला. "फोन आला होता काय मॅडमचा?"

तिने सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा काही केल्या नेढ्यात जाईना.

"नाई," ती म्हणाली.

रात्री तिला झोप आली नाही असं नाही. आली. पण सकाळी जाग आली ती 'चाराला एक' म्हणतच. आता सांगावं... आता सांगावं... असं म्हणत ती पट्ट्या कापत राहिली. आणि तो म्हणाला, "आज तुमचं तोंड काऊन उतरलं? रविवारी मी गावाले जाऊन येतो. पाहुणे येणार आहेत," तेव्हा तिचे ओठ पुन्हा घट्ट मिटले. समोर त्याने मापाचा मग्गा भरून डब्यांतला माल मिसळायला घेतला. दोनाला एक. तिने पाहिलं. पाहून मान फिरवली.

कापड लागलं. रोलर फिरला. छत काळं, ओलं, चमकदार झालं.

दुसऱ्या दिवशी ते तसंच ओलं होतं.

आदेशने बोट टेकवलं. बोट काळं, चिकट होऊन निघालं. एका कोपऱ्यात पट्टी सुटून लोंबत होती. तो मचाणावर बसून राहिला. त्याचा चेहरा भागीरथाने असा कधीच पाहिला नव्हता, जणू कुणी त्याच्या अंगातलं सगळं हसू उपसून घेतलं होतं. महागाचं कापड, महागाचा माल, आणि पहिलंच एकट्याने घेतलेलं काम.

त्याने ओसरीवर येऊन फोन लावला.

"मॅडम, वाळलं नाई. माप माहंच चुकलं असन..." तो ऐकायला लागला. आणि हळूच त्याची नजर वळली, मशीनमागे थिजून बसलेल्या भागीरथाकडे.

फोनची वायर त्याने बोटाभोवती गुंडाळली, सोडली.

"हो मॅडम," तो म्हणाला. "निरोप भेटला होता. मीच इसरलो."

फोन ठेवून तो तिच्यासमोरून गेला. भागीरथाला वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

चार दिवस तो बोलला नाही. चिकट कापड खरवडून काढत होता, छत पुन्हा घासत होता. रविवारी मूललाही गेला नाही. सकाळी नऊ ते अकरा ती ओसरीवर नुसती बसून राहायची. हातमोजे खुंटीला टांगलेले होते.

"झगडा झाला का गं?" खैरुनचाचीने विचारलं. भागीरथाच्या डोळ्यांतून पाणीच आलं. सगळं सांगून टाकलं. चाचीने चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाली, "बेटी, जलन सगळ्यायलेच होते. मलेबी झाली होती जवानीत. पण तू त दुसऱ्याची अमानत जाळली. आता ती मॅडम येईन त काय करशीन?"

"काय करू?"

"ते मले नको विचारू. तुले माहीत आहे."

गुरुवारी मॅडम आल्या त्या गंभीर चेहऱ्यानेच. आदेशशी दोन वाक्यं बोलल्या. भिंतीआडून भागीरथाला तेवढंच ऐकू आलं, "...नागपूरची जागा पक्की होती, आदेश. आता मी वर कसं सांगू?"

नागपूरची जागा! म्हणजे त्याला तिकडे न्यायचं ठरलं होतं. भागीरथाच्या मनात एकदम दोन दारं उघडली. गप्प राहिलं तर तो कुठेच जात नाही. बदनाम होईल, पण इथेच कुठे मूलला, चंद्रपूरला राहील. बोललं तर तो या बाईबरोबर नागपूरला...

ती उठली. एसटीच्या वाटेवर, चिंचेखाली तिने मॅडमना गाठलं.

"मॅडम, तो निरोप मी देल्लाच नाई. त्यानं माप बरोबर घेतलं. त्याले जे माहीत होतं, ते बरोबर घेतलं. चूक माही आहे."

अंजुम मॅडम थांबल्या. चष्मा केसांवरून डोळ्यांवर आला.

"विसरलीस?"

"नाई. इसरली नाई."

"तुला कळतंय का, ते छत कुणाच्या डोक्यावर आहे? तुझ्याच! वर टनावारी लोखंड आणि कागद येणार आहेत!" आवाज चढला होता. मग खाली आला. "का केलंस असं?"

"तुमी... त्याच्या मायकडे जेवाले जाऊन राह्यल्या होत्या."

मॅडमनी तोंड वळवलं. हसू लपवायला की आणखी काही, ते भागीरथाला कळलं नाही.

"त्याची आई त्याला नागपूरला पाठवायला तयार नव्हती. मी समजवावं म्हणून त्याने बोलावलं होतं." एसटी लांबून दिसत होती. मॅडम पर्स सावरत म्हणाल्या, "आणि तुला जे विचारायचंय पण विचारत नाहीस, त्याचं उत्तर मलाही नीट माहीत नाही. पण एक सांगते. इतके दिवस रोज फोनवर बोलतोय आम्ही. कामाचं झालं की तो एकच गोष्ट सांगतो, आज पट्ट्या किती सरळ आल्या."

एसटी आली आणि मॅडम गेल्या. भागीरथा चिंचेखाली भिजत उभी राहिली. पाऊस कधी सुरू झाला, तिला समजलंच नव्हतं.

नवं कापड आलं. भागीरथाने न बोलवता हातमोजे चढवले, मनगटाला चिकटपट्टी स्वतःच गुंडाळली, दाताने तोडली. तो गुंडाळी धरायला आला. दोघांनी न बोलता सगळ्या पट्ट्या कापल्या. या वेळी मिसळताना तो मोजत होता तेव्हा तीही ओठांतल्या ओठांत मोजत होती. एक, दोन, तीन, चार... मग दुसऱ्या डब्यातला एक. दुसऱ्या दिवशी छत दगडासारखं कडक वाळलेलं होतं.

आठवड्याने वजनाची चाचणी ठरली. वरच्या मजल्यावर, बरोबर खैरुनचाचीच्या गाळ्यावर, वाळूची पोती रचायची. फायलींच्या वजनाहून जास्त. खाली खबरदारी म्हणून टेकूच्या लाकडी बल्ल्या उभ्या केल्या होत्या, छतापासून दोन बोटं सोडून. आणि छताला टेकवलेली एक घड्याळासारखी डबी. स्लॅब किती वाकला, ते तिच्यातला काटा सांगायचा. तीन मिलिमीटरच्या आत राहिला तर काम पास.

गाळेवाले, वामनराव, खैरुनचाची, सगळे रस्त्याच्या पलीकडे छत्र्या धरून उभे. वर अंजुम मॅडम पोती मोजून घेत होत्या. खाली, आत, एकटा आदेश काट्यापाशी.

भागीरथा रस्ता ओलांडून आत गेली.

"इथी काऊन आल्या?" किती दिवसांनी तो तिच्याशी बोलला होता! "बाहेर जा. कोणाले येऊ देत नाई इथी."

"तुमी काऊन थांबले मंग?"

"माहं काम आहे."

"पट्ट्या मी कापल्या. माहंबी आहे."

वर धप्प करून पोतं पडलं. छतातून बारीक थरथर उतरली. दोघांनीही वर पाहिलं.

"मॅडमले सांगतलं तुमी," तो काट्यावर नजर ठेवून म्हणाला. "नागपूरची जागा परत भेटली. दसरा झाला का जाचं आहे."

"समजलं मले."

"सांगतलं नसतं त मी गेलो नसतो."

"तेबी समजलं होतं."

धप्प. अजून एक पोतं. तो वळला. आता नजर काट्यावर नव्हती.

"मंग त्या दिवशी काऊन नाई सांगतलं? मी चार दिवस इचार करून राह्यलो. मले वाटलं, तुमाले माहं वाटोळं पाहाचं होतं..."

"नाई वो!" तिचा आवाज फुटला. "तुमी फोनवर हसत होते. धावत येत होते. तुमचं 'हो मॅडम' आइकून आइकून माहे कान... ती बाई तुमच्या मायच्या हातचं जेवणार होती, अन् मी? मी कोण होती तुमची? पट्ट्या कापणारी! मले त्या दिवशी सगळं जग जळून जावं वाटलं... अन् जळलं ते तुमचंच काम."

"अन् मी मॅडमले काय म्हणालो, ते?"

"तुमी खोटं काऊन बोलले?"

"चाचीनं काढून टाकलं असतं तुमाले. मंग मी..." तो अडखळला. "मंग मी सकाळी नऊ वाजता कोणाच्या हाताले चिकटपट्टी गुंडाळली असती?"

त्याने तिचा हात धरला. हातमोजा नव्हता आज. बोटांवर काळ्या कुसळांचे बारीक लाल डाग होते. तो त्या डागांकडे पाहत राहिला, अंगठ्याने हलकेच एकेक डाग चाचपत...

"आदेश!" वरून मॅडमची हाक आली. "शेवटचं पोतं ठेवलं. आकडा सांग!"

आदेशला हाक ऐकूच आली नाही.

"आदेश? आकडा?"

भागीरथाने त्याच्या खांद्यावरून मान लांब करून काट्याकडे पाहिलं. मग हात न सोडवता, चामोर्शी रोडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली,

"दीडच्याबी आत आहे, मॅडम! पास!"

वरून मॅडमचं मोकळं हसू ऐकू आलं, आणि पलीकडून खैरुनचाचीची "माशाल्ला!"

"रविवारी मूलले येशीन?" आदेशने विचारलं. पहिल्यांदाच 'तुमी' गेलं होतं. "मायनं बोलावलं नाई अजून. पण मी सांगतो तिले."

"मॅडमबी येणार काय?"

"येऊ दे ना. जेवण त द्याचं राह्यलं आहे मॅडमले."

भागीरथाने जरा विचार केला.

"येऊ दे," ती म्हणाली. "पण तुह्या बाजूच्या पाटावर मी बसणार."